खंडाच्या जमिनीवर लावलेली बाग सोडावी लागतेय? झाडांची भरपाई मागायचा क्रम

जमीन मालकाची, झाडं तुम्ही लावलेली, आणि आता मालकाला जमीन परत हवी आहे. अशा वेळी बहुतेक बागायतदार कुळं एकच चूक करतात. आधी ताबा सोडतात, मग समोर आलेल्या कागदावर सही करतात आणि भरपाईची चौकशी शेवटी करतात. कूळकायद्यात झाडांची भरपाई आहे, पण या क्रमाने गेलेल्या माणसाला ती बहुधा मिळत नाही. म्हणून खाली काय करायचं यापेक्षा कशाच्या आधी काय करायचं, यावर जास्त भर दिला आहे.

इथली कलमं महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ मधली आहेत. हा कायदा कोकण, पश्चिम महाराष्ट्र आणि खानदेशात चालतो. विदर्भाला १९५८ चा स्वतंत्र कूळकायदा आणि मराठवाड्याला १९५० चा हैदराबाद कूळकायदा लागू आहे. तिथे कलमांचे क्रमांक वेगळे आहेत, त्यामुळे या लेखातले क्रमांक तुमच्या अर्जात जसेच्या तसे उतरवू नका. कायद्यात 'मामलेदार' असा शब्द येतो, तो अधिकारी म्हणजे आजचा तहसीलदार.

सगळ्यात आधी: या तीन गोष्टी करू नका

कोऱ्या किंवा छापील स्टँपपेपरवर सही करू नका. "सदर जमिनीत माझा कोणताही हक्क, हितसंबंध राहिलेला नाही, मी राजीखुशीने ताबा सोडत आहे" अशा अर्थाचं वाक्य त्यात असतंच. कलम १९ प्रमाणे कुळाने लावलेल्या झाडांची भरपाई कुळवहिवाट संपताना मिळते. पण कुळाने स्वतःहून जमीन सोडली, म्हणजे राजीनामा दिला, तर मिळत नाही. तुमच्या सगळ्या झाडांची किंमत त्या एका सहीने शून्य होऊ शकते.

खंड देणं थांबवू नका. "आता काढतोच आहे, तर पैसे कशाला द्यायचे" असं वाटणं साहजिक आहे, पण थकलेला खंड हे कुळवहिवाट संपवायचं कायदेशीर कारण आहे. मालकाच्या हातात ते आयतं देऊ नका.

रागाच्या भरात झाडं तोडू नका. आंबा आणि फणस ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत. शिवाय जमिनीचं कायमचं नुकसान केलं म्हणून कूळ काढता येतं. तोडलेल्या झाडाची भरपाई मिळत नाही, हे तर उघडच आहे.

टप्पा १: कायद्याच्या नजरेत तुम्ही कोण आहात ते ठरवा

बागेत वर्षानुवर्षं राबणारा प्रत्येक जण कूळ नसतो. कलम ४ प्रमाणे दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस कूळ मानला जातो. मात्र तो मालकाच्या कुटुंबातला नसावा, मजुरीवर ठेवलेला गडी नसावा आणि ताबेगहाण घेतलेला सावकार नसावा.

(क) खंडाने किंवा वाट्याने जमीन कसणारे. तुमची बाजू सगळ्यात भक्कम आहे. वाट्याने कसणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. रोख रकमेत किंवा धान्यात ठरलेली मजुरी घेणारा माणूस नोकर ठरतो, पण पिकाचा वाटा घेणारा या अपवादात बसत नाही. मालक तुम्हाला "आमचा माळी" म्हणत असेल आणि मोबदला मात्र पिकाच्या वाट्याने देत असेल, तर वाटणीचा प्रत्येक हिशेब जपून ठेवा.

(ख) पगारी माळी किंवा राखणदार. झाडं तुम्ही स्वतःच्या हातांनी लावली असली तरी या कायद्याखाली भरपाई मागता येणार नाही. थकलेला पगार आणि इतर देणी यांचा मार्ग वेगळा आहे.

(ग) हंगामापुरती बाग घेणारे. कोकणात मालकाच्या आंब्याच्या बागा एका किंवा काही हंगामांसाठी कराराने दिल्या जातात. त्यात तुम्ही झाडावरची फळं विकत घेता, जमीन कसायला घेत नाही. फवारणी, राखण आणि तोडणी तुमची असली तरी एवढ्यावर कूळ ठरत नाही. तुमचा दावा करारभंगाचा होईल आणि तो दिवाणी न्यायालयात चालेल.

(घ) गावठाणात किंवा शहरात भाड्याच्या बिगरशेती जागेवर रोपवाटिका चालवणारे. इथे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ बघावा लागतो. त्याच्या कलम १०८(ह) प्रमाणे जमिनीत रुजवलेल्या वस्तू भाडेकरूला काढून नेता येतात, पण ताबा असेपर्यंतच, आणि जागा घेतली तेव्हा होती तशी करून द्यावी लागते. चावी दिल्यानंतर मातृवृक्ष काढायला गेलात तर हा हक्क राहत नाही.

इथून पुढचे टप्पे (क) गटासाठी आहेत.

तपासा: जमीन तुमच्या घरात कधीपासून आहे? १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाला तुमचे वडील किंवा आजोबा तिथे कूळ होते का? असतील, तर कायद्याने तुम्ही जमिनीचे खरेदीदार मानले गेले असाल आणि शेतजमीन न्यायाधिकरणासमोर कलम ३२-ग खाली किंमत ठरवायची तेवढी राहिली असेल. मग झाडांची भरपाई मागणं म्हणजे अख्खी जमीन सोडून फांद्या मागणं होईल. आधी त्याचा छडा लावा.

टप्पा २: जमीन कशासाठी दिली होती?

या प्रश्नाकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही आणि बागायतदारांचे दावे इथेच फसतात.

कलम ४३-अ प्रमाणे ऊस, फळं किंवा फुलं लावण्यासाठी दिलेल्या भाडेपट्ट्यांना कूळकायद्याची बरीच संरक्षणं लागू होत नाहीत. कुळवहिवाट कोणत्या कारणांनी संपवता येते ते सांगणारं कलम १४ त्यात येतं आणि जमीन खरेदीचा हक्क देणारी कलम ३२ ते ३२-र ही कलमंही येतात. मालकाचा वकील हेच पहिलं बोट ठेवेल: "ही बाग आहे, हिला कूळकायदा लागत नाही."

त्यावर दोन गोष्टी सांगायच्या.

पहिली, आज शेतात काय उभं आहे हा मुद्दा नसून पट्टा देताना हेतू काय होता हा मुद्दा आहे. जमीन भातासाठी किंवा ज्वारीसाठी घेतली आणि दहा वर्षांनी पाण्याची सोय झाल्यावर तुम्ही चिकू लावला, तर पट्टा फळांसाठी दिलेला ठरत नाही. जुन्या सातबाऱ्यावरच्या पीकपाहणीत सुरुवातीची वर्षं भात किंवा नाचणी दिसत असेल, तर ते उतारे सगळ्यांत मोलाचे.

दुसरी, पट्टा खरोखरच बागेसाठी दिला असला तरी ४३-अ मध्ये वगळलेल्या कलमांच्या यादीत कलम १९ (झाडांची भरपाई), कलम २९ (ताबा घेण्याची पद्धत) आणि कलम ४१ (सुधारणांची भरपाई) ही नाहीत. म्हणजे जमिनीवर टिकून राहायचा हक्क कमजोर झाला तरी झाडांच्या पैशांचा हक्क शिल्लक राहतो. अर्जात हे वाक्य स्पष्ट लिहा, तोंडी युक्तिवादावर सोडू नका. अशा पट्ट्यांच्या मुदतीबद्दल आणि सुधारणांबद्दल सरकार कलम ४३-अ(३) खाली अधिसूचनेने अटी घालू शकतं. तुमच्या पट्ट्याला लागू असलेली अधिसूचना वकिलाकडून काढून घ्या.

टप्पा ३: कागद गोळा करा, तेही नोटीस येण्याआधी

मालकाशी संबंध बिघडले की कागद मिळणं अवघड होतं. म्हणून कुजबुज कानावर आली त्याच आठवड्यात सुरुवात करा.

१. जमीन घेतल्याच्या वर्षापासूनचे सगळे सातबारा उतारे. फक्त आजचा संगणकीकृत उतारा पुरत नाही, जुने हस्तलिखित उतारे तहसीलच्या अभिलेख कक्षातून नकलेने घ्या. 'इतर हक्क' या रकान्यात कुळाचं नाव आणि खंड आहे का ते पाहा.

२. तुमचं नाव लागल्याचा किंवा कमी झाल्याचा फेरफार. नाव कमी झालं असेल तर कोणत्या आदेशाने झालं ते वाचा. नुसत्या तोंडी जबाबावर नाव उडवलेलं असेल तर तो फेरफार लढवता येतो.

३. पीकपाहणीच्या नोंदी. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि नोंद खातेदाराच्या मोबाईलवरून होऊ लागली. त्यामुळे मालक गावात राहत नसला तरी "स्वतः कसतो" अशी नोंद झालेली असू शकते. तसं असेल तर तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.

४. खंडाच्या पावत्या. कलम २६ प्रमाणे पावती देणं मालकाचं कर्तव्य आहे. पावती देत नसेल तर पुढचा खंड बँकेतून पाठवा आणि तपशिलात गट नंबर व वर्ष लिहा.

५. झाडं तुम्हीच लावली याचे पुरावे. रोपवाटिकेची बिलं, खड्डे काढल्याचा हिशेब, खतांची आणि ठिबकची बिलं, पंपाचं वीजबिल, आडत्याकडच्या विक्रीच्या पट्ट्या. फळबाग योजनेतून अनुदान घेतलं असेल तर कृषी कार्यालयातली फाईल जरूर मागा. अर्ज मालकाच्या नावाचा असला तरी सातबाऱ्यावर कुळाचं नाव असल्यास योजनेला कुळाची संमती लागते. तुमच्या सहीचं ते संमतीपत्र त्याच फायलीत असण्याची शक्यता असते, आणि त्यात तुमची कुळवहिवाट मालकाने मान्य केलेली असते. फाईल दाखवत नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, उत्तराची मुदत ३० दिवस आहे.

सावधान: मूळ कागद कोणालाही देऊ नका. वकिलालाही आधी प्रती द्या, मूळ कागद सुनावणीच्या दिवशी सोबत न्या.

टप्पा ४: झाडं मोजा, एकेक करून

"सुमारे दीडशे झाडं" असं लिहिलेला अर्ज कमजोर असतो. प्रत्येक झाडाला रंगाने क्रमांक घाला आणि वहीत ओळ धरा. नोंद अशी असावी:

"झाड क्र. १७. आंबा, हापूस. पूर्व बांधापासून तिसरी ओळ. लागवड जून २०११. जमिनीपासून एक मीटरवर खोडाचा घेर ९८ सेंमी. फळ धरते. फोटो क्र. १७."

फोटोत क्रमांक दिसला पाहिजे आणि काही फोटोंत ओळखीची खूण, म्हणजे विहीर, बांधाचा दगड किंवा विजेचा खांब आला पाहिजे. वही भरताना शेजारच्या शेतातले दोघे सोबत ठेवा आणि शेवटी तारखेसह त्यांच्या सह्या घ्या.

झाडांचे तीन गट वेगळे ठेवा. तुम्ही लावलेली झाडं कलम १९ मध्ये येतात. आपोआप उगवलेल्या झाडांच्या उत्पन्नात कलम २० प्रमाणे कुळवहिवाट चालू असेपर्यंत दोन तृतीयांश वाटा कुळाचा आणि एक तृतीयांश मालकाचा असतो, पण ती तुमच्या लागवडीत मोजायची नाहीत. जमीन घेतली तेव्हाच उभी असलेली झाडं मालकाची. हे तीन गट एकत्र केले की मालक दोन जुनी झाडं दाखवतो आणि तुमची सगळी यादीच खोटी म्हणतो.

तपासा: यादी आणि क्षेत्र यांचा मेळ बसतो का? आंबा १० × १० मीटरवर लावला तर हेक्टरी १०० झाडं बसतात, म्हणजे २० गुंठ्यांत साधारण २०. तुमच्या यादीत ६० असतील तर घन लागवड केल्याचं आणि अंतर किती ठेवलं ते सोबत लिहा.

आता किंमत. कलम १९ मध्ये सूत्र दिलेलं नाही, रक्कम मामलेदार ठरवतो. त्याच्यासमोर तुम्ही जेवढं मांडाल तेवढ्याचाच विचार होईल. फळ धरणाऱ्या झाडासाठी मागच्या तीन हंगामांचं उत्पन्न आडत्याच्या पट्ट्यांवरून काढा, खर्च वजा करा आणि झाड अजून किती वर्षं फळ देईल ते जातीनुसार मांडा. लहान झाडांना उत्पन्न नसतं म्हणून लोक ती सोडून देतात. तसं करू नका, रोप, खड्डा, खत, कुंपण आणि उन्हाळ्यातलं टँकरचं पाणी हा खर्च दाखवा. जमल्यास फळबागेचा जाणकार किंवा निवृत्त कृषी अधिकारी यांच्याकडून मूल्यांकनाचा लेखी अहवाल घ्या. मालकाकडून फक्त तोंडी नकार आला, तर हा अहवाल तुमच्या बाजूने बराच वजनदार ठरतो.

विहीर, पाट, ताली, सपाटीकरण, कुंपण, शेतातली खोप या सुधारणा कलम ४१ खाली स्वतंत्र मागायच्या. तिथे चार गोष्टी पाहिल्या जातात: सुधारणेमुळे जमिनीचं खंडमूल्य किती वाढलं, ती आज कोणत्या स्थितीत आहे व किती काळ टिकेल, तुमचे श्रम आणि भांडवल किती लागलं, आणि तिच्या बदल्यात मालकाने तुम्हाला काही सवलत दिली होती का. शेवटचा मुद्दा लपवू नका. तीन वर्षं खंड माफ केला असेल तर मालक तो सांगणारच, तुम्ही आधी सांगितलात तर बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो. झाडांची रक्कम कलम १९ आणि कलम ४१ अशी दोनदा लावू नका.

टप्पा ५: नोटीस आली की

पाकिटासकट जपा. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का म्हणजे तारखेचा पुरावा.

कलम १४ लागू होत असेल तर मालकाने कारण देऊन तीन महिन्यांची लेखी नोटीस द्यायला हवी आणि त्या मुदतीत तुम्हाला चूक दुरुस्त करता येते. कारण थकलेल्या खंडाचं असेल तर त्याच मुदतीत पैसे भरून पुरावा ठेवा. प्रकरण मामलेदारासमोर गेलं तरी कलम २५ प्रमाणे आदेशाच्या तारखेपासून १५ दिवसांत थकबाकी आणि खर्च भरल्यास कुळवहिवाट वाचू शकते. तीन वर्षं खंड थकवला असेल आणि मालकाने प्रत्येक वेळी मुदतीत कळवलं असेल, तर ही सवलत मिळत नाही.

उत्तर लेखीच द्या, स्पीड पोस्टाने. मजकूर लांबवू नका. "मी गट नं. … मधील क्षेत्राचा कूळ असून जमीन माझ्या ताब्यात आहे. नोटिशीतील कारण मला मान्य नाही. सोबतच्या यादीतील झाडे मी लावलेली आहेत. कलम १९ व ४१ खालील माझे हक्क राखून हे उत्तर देत आहे." एवढं पुरे. "आम्ही गरीब आहोत, दया करावी" असं लिहू नका. त्यात तुमचा ताबा मालकाच्या मेहेरबानीवर होता असा अर्थ निघतो.

टप्पा ६: तहसीलदाराकडे अर्ज

अर्ज ताब्यात असतानाच करा. चार मागण्या क्रमाने लिहा: कलम ७०(ब) खाली कूळ असल्याचं ठरवून मिळावं, कलम १९ खाली झाडांची भरपाई ठरवावी, कलम ४१ खाली सुधारणांची भरपाई ठरवावी, आणि जागेची पाहणी करून पंचनामा करावा. निकाल लागेपर्यंत झाडं तोडू नयेत असा अंतरिम आदेशही मागा.

सातबाऱ्यावर तुमचं नाव नसेल तर पहिली मागणी सोडून पुढे जाता येणार नाही. भरपाई कुळाला मिळते, म्हणून तुम्ही कूळ आहात हे आधी ठरावं लागतं.

पंचनाम्याच्या दिवशी स्वतः हजर राहा आणि वही समोर ठेवा. पंचनामा लिहून झाल्यावर वाचायला मागा. "विविध फळझाडे आढळली" असं मोघम लिहिलं असेल तर संख्या, जात आणि वय लिहायला सांगा. ऐकलं नाही तर त्याच दिवशी लेखी हरकत कार्यालयात देऊन पोच घ्या.

मालक दिवाणी न्यायालयात गेला तर: समन्स आल्यापासून ३० दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्या आणि तिच्यात कुळाचा मुद्दा पहिल्या परिच्छेदात घ्या. कोणी कूळ आहे की नाही हे ठरवायचा अधिकार कलम ८५ मुळे दिवाणी न्यायालयाला नाही, कलम ८५-अ प्रमाणे तो मुद्दा मामलेदाराकडे पाठवावा लागतो. तुम्ही मुद्दाच घेतला नाही, तर तो कोणी पाठवणार नाही. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कमी उत्पन्न गटातले लोक यांना तिथे मोफत वकील मिळतो.

टप्पा ७: रातोरात कुंपण घातलं किंवा जेसीबी आणला तर

कलम २९(२) प्रमाणे मामलेदाराच्या आदेशाशिवाय मालकाला कुळाकडून ताबा घेता येत नाही. तसा घेतला तर दंड होतो आणि पीक जप्तही होऊ शकतं. हातघाईवर येऊ नका. व्हिडिओ काढा, पोलिसात लेखी तक्रार देऊन पोच घ्या आणि लगेच दोन मुदती वहीत लिहा. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खालचा दावा ताबा गेल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. कूळकायद्याच्या कलम २९(१) खालचा अर्ज हक्क निर्माण झाल्यापासून दोन वर्षांत. दोन वर्षं आहेत म्हणून थांबू नका, तोवर झाडं उभी राहतीलच असं नाही.

जमीन सरकार घेत असेल तर

रस्ता किंवा धरणासाठी २०१३ च्या भूसंपादन कायद्याने संपादन होत असेल, तर कूळही हितसंबंधित व्यक्ती आहे. संयुक्त मोजणीच्या दिवशी हजर राहून झाडं तुमच्या नावाने नोंदवून घ्या. झाडांचं मूल्यांकन वेगळं होतं आणि भरपाईवर १०० टक्के दिलासा रक्कम असते. मालक आणि तुमच्यात वाटणीचा वाद असेल तर निवाड्याआधीच, म्हणजे भरपाई ठरवणारा आदेश होण्याआधीच, लेखी हरकत द्या, म्हणजे सगळी रक्कम मालकाच्या खात्यात जाणार नाही. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर तो नामंजूर असल्याचा अर्ज सहा आठवड्यांत करायचा असतो.

टप्पा ८: तडजोड, निकाल आणि ताबा

तडजोड वाईट नाही. बऱ्याच प्रकरणांत तीच शहाणपणाची ठरते, कारण महसुली दावे वर्षानुवर्षं चालतात. पण तुम्ही जमीन सोडलीत की कलम १९ चा आधार जातो, म्हणून झाडांची रक्कम तडजोडीच्या मजकुरातच आकड्यात आणि अक्षरात हवी. कलम १५ प्रमाणे राजीनामा लेखी असावा लागतो आणि मामलेदारासमोर त्याची खातरजमा व्हावी लागते, नुसती नोटरी पुरत नाही. मामलेदार "राजीखुशीने सोडता का?" असं विचारेल. रक्कम मिळाली नसेल तर त्याच वेळी तसं सांगा आणि जबाबात लिहून घ्यायला लावा.

निकाल विरोधात गेला तर कलम ७४ खाली अपील आहे, ते साधारणपणे प्रांताधिकाऱ्यांकडे चालतं. त्यानंतर कलम ७६ खाली महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरणात फेरतपासणी मागता येते. दोन्हींसाठी मुदत ६० दिवसांची. निकालाच्या प्रमाणित नकलेसाठी त्याच दिवशी अर्ज करा आणि अपिलासोबत स्थगितीचा अर्ज जोडा. नुसतं अपील दाखल केल्याने ताब्याची कारवाई थांबत नाही.

ताबापावतीवर सही करण्यापूर्वी रक्कम बँकेत जमा झाली का ते पासबुकावर पाहा, चेक हातात आला एवढ्यावर जाऊ नका. पावतीत रक्कम, तारीख, झाडांची संख्या आणि हंगामाचं उभं पीक कोणी तोडायचं हे लिहून घ्या. तोडणी तुमची ठरली असेल, तर बागेत जायची शेवटची तारीखही त्याच कागदावर हवी.